दोनशे फुटांवर

(मुलचेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं एक गाव. दुपार. अंगणात प्लास्टिकची खुर्ची, तीवर दिव्यानी : लष्करात हेलिकॉप्टर चालवते, सुट्टीवर आली आहे. उजव्या हातात ताकाची रवी, डाव्या हाताशी सायकलचा पंप, पायांखाली वडिलांच्या चपला : हेलिकॉप्टरच्या दोन दांड्या आणि पेडल्सच्या जागी. डोक्यावरून वडिलांचाच दुपट्टा असा पुढे ओढलेला, की समोर टेकवून ठेवलेल्या सुपाशिवाय काही दिसू नये. सुपावर चुन्याने काढलेली सहा वर्तुळं. वडील गुणवंतराव, पंचक्रोशीतले कीर्तनकार, हातात कागद घेऊन उभे. आई सुगंधाबाई ओसरीत लाखोळीच्या डाळीचा ढीग घेऊन बसलेली.)

गुणवंतराव : आणि मंग मी म्हणतो, "माय दिव्यानी, तुझं कल्याण असो."

दिव्यानी : नाही. कागदावर आहे तेवढंच.

गुणवंतराव : नमन केल्याबिगर माझं तोंड उघडत नाई, बाई. चाळीस वर्षांची सवय आहे.

दिव्यानी : नमन मनात करा. रेडिओवर नाही. आत्ता तुम्ही माझे बाबा नाहीच. तुम्ही कंट्रोलर. खाली एका खोलीत रडारसमोर बसले आहात. मी वर धुक्यात. मला बाहेरचं काही दिसत नाही, तुम्हाला पडद्यावर मी दिसते. तुम्ही दिशा सांगायची, उंची सांगायची, आणि बोलत बोलत मला खाली आणायचं.

गुणवंतराव : बोलत बोलत खाली आणणं मले जमते. वाचतो. "यापुढे मी जे सांगीन त्याला उत्तर देऊ नये." हे खरंच असं असते?

दिव्यानी : खरंच. शेवटच्या टप्प्यात कंट्रोलर न थांबता बोलतो. पायलटनं फक्त ऐकायचं आणि करायचं.

गुणवंतराव : सुगंधा, ऐकलं काय वं? एकानं न थांबता बोलावं आणि दुसऱ्यानं चकार शब्द काढू नये. फौजेचा नियम आहे.

सुगंधाबाई : ऐकलं. आपल्या घरी तीस वर्षांपासून चालू आहे.

गुणवंतराव : असा श्रोता मले जन्मात नाई भेटला. चाल, बस सावरून. पाच मैल. म्हणजे इथून बंगाली कॅम्पातल्या मासळी बाजाराएवढं.

दिव्यानी : बाबा. दाखले नको.

गुणवंतराव : दाखला नाई देल्ला तं माणसाले समजन कसं?

दिव्यानी : आकड्यानं समजते.

गुणवंतराव : आकड्यानं समजलं असतं तं लोकं कीर्तनाले कायले आले असते. बरं. चार मैल. उंची बाराशे फूट, बरोबर आहे. थोडी उजवीकडे सरकली तू. डावीकडे ये, दोन अंश. हां. आता रेघेवर आहे. तीन मैल. उंची नऊशे. उतरती बरोबर. दिशा बरोबर. तं मंडळी…

दिव्यानी : मेले तुम्ही.

गुणवंतराव : अवं, काय बोलून राह्यली?

दिव्यानी : पाच सेकंद झाले, तुमचा आवाज नाही. पाच सेकंद आवाज नाही म्हणजे रेडिओ मेला असं धरायचं आणि वर जायचं. मी गेले वर.

गुणवंतराव : मी थांबलो होतो. "मंडळी" म्हटलं का थांबा लागते. लोकं सावरून बसते. सारं निरूपण त्या थांब्यात असते.

दिव्यानी : त्या थांब्यात मी डोंगरात घुसते.

सुगंधाबाई : आणि लोकं काई सावरून नाई बसत. त्या थांब्यात उठून चहा प्यायले जाते. माझं सूप कधी मोकळं होईन?

दिव्यानी : थोडा वेळ, आई.

सुगंधाबाई : सकाळी बी थोडाच वेळ होता. डाळ पाखडाची आहे. उद्या काल्याले पन्नास माणूस जेवाले आहे आणि माझ्या सुपावर ह्या सहा भाकरी काढून ठेवल्या.

दिव्यानी : भाकरी नाही, ते काटे आहेत. हा उंचीचा, हा दिशेचा, हा वेगाचा. हा वर चाललो की खाली, ते सांगतो. हा वळतोय किती, ते सांगतो. आणि मधला सगळ्यात मोठा. यात आडवी रेघ असते. बाहेरचं क्षितिज दिसत नाही ना, म्हणून आतमध्ये एक छोटं क्षितिज देतात.

सुगंधाबाई : चुना धुवून निघीन का?

दिव्यानी : निघेल.

गुणवंतराव : मले एक सांग. हे सहा काटे कायले? आपण वाकडे झालो तं आपल्याले समजतेच ना. डोळे मिटून बी समजते. आंग सांगते.

दिव्यानी : अंग खोटं सांगते. सगळ्यात आधी हेच शिकवतात. मार्कंड्याच्या जत्रेत तुम्ही मला घेऊन त्या गोल पाळण्यात बसला होता, आठवतं?

गुणवंतराव : आठवते. डोळे मिटून बसलो होतो. मनात भजन चालू होतं.

सुगंधाबाई : भेव लागून राह्यलं होतं म्हणून मिटले होते.

दिव्यानी : पाळणा थांबला तेव्हा तुम्हाला काय वाटलं?

गुणवंतराव : उलटा फिरून राह्यला असं वाटलं. शंभर टक्के उलटा.

दिव्यानी : तो थांबला होता. आणि तुम्ही उतरून सरळ चालायला लागला, ते भजीवाल्याच्या कढईकडे.

सुगंधाबाई : मी दुपट्टा धरून ओढलं. हाच दुपट्टा.

दिव्यानी : ढगात तसंच होतं. हेलिकॉप्टर सरळ असतं, कान सांगतात डावीकडे झुकलंय. मग पायलट ते "सरळ" करायला जातो आणि खरंच वाकडं करतो. म्हणून अंगाला विचारायचंच नाही. काटे पाहायचे. एकच काटा पण नाही, सगळे, फिरून फिरून. एकावर नजर अडकली की दुसरा हातचा जातो.

गुणवंतराव : हे बाकी पटलं. टाळकरी पाह्य, आपल्याच टाळावर खूश झाला का गेला. पेटीवर कान पाह्यजे, मृदंगावर पाह्यजे, बुवाच्या तोंडाकडे पाह्यजे. आपला लच्छू गेल्या साली…

दिव्यानी : बाबा, पुन्हा सुरुवातीपासून. यावेळी दोनशे फुटांपर्यंत न्या. तिथं काय म्हणायचं?

गुणवंतराव : "निर्णयाची उंची." हे मले लय आवडलं. उद्या कीर्तनात वापरतो.

दिव्यानी : तुम्ही तसं म्हटलं की मी मान वर करणार. खरं धुकं असतं तर मीच पाहिलं असतं. इथं अंगण आहे, म्हणून तुम्ही माझे डोळे. तुम्ही सांगायचं, धावपट्टी दिसली, का नाही दिसली. तुमच्या मनाला येईल ते सांगा, मला आधी कळायला नको. दिसली, तर मी उतरते. नाही दिसली, तर वर. मधलं काही नाही.

गुणवंतराव : थोडं थांबून पाह्यलं तं? हेलिकॉप्टर तं हवेत उभं राह्यते. विमानासारखं थोडीच आहे.

दिव्यानी : सगळ्यांना तेच वाटतं. थांबता येतं, म्हणून अजून जरा खाली जाऊ, अजून जरा पाहू. धुक्यात पायलटला वाटतं आपण एका जागी उभे आहो आणि हेलिकॉप्टर आडवं सरकत असतं, झाडाकडे, तारांकडे. म्हणून दोनशे म्हणजे दोनशे. सांगा.

गुणवंतराव : चार मैल. उंची बाराशे. दिशा बरोबर. तीन मैल. नऊशे. जराशी वर आहे, उतरणं वाढव. हां, आली. दोन मैल. सहाशे. डावीकडे दोन अंश. एक मैल. तीनशे. बरोबर रेघेवर, शाब्बास. शाब्बास खोडून टाक, कागदावर नाई आहे. दोनशे, निर्णयाची उंची. दिसली.

दिव्यानी : उतरले. पुन्हा.

गुणवंतराव : चार मैल. बाराशे. आणि यावेळी हवा उजवीकडून आहे, बरं काय. उजवीकडे तीन अंश. तीन मैल. नऊशे. दोन मैल. सहाशे. एक मैल. तीनशे. निर्णयाची उंची. दिसली. चांगली झळझळीत दिसून राह्यली.

दिव्यानी : पुन्हा.

सुगंधाबाई : आता जेवण करून घ्या दोघंबी.

दिव्यानी : एकदा अजून, आई. सांगा बाबा.

गुणवंतराव : दोन मैलापासून सांगतो, गळा राखून ठेवा लागते उद्यासाठी. सहाशे. तीनशे. दोनशे. दिसली.

सुगंधाबाई : तीन.

गुणवंतराव : काय तीन?

सुगंधाबाई : मघापासून मी ऐकून राह्यली. तीन खेपा दिसली. एकदा बी नाई दिसली असं नाई झालं. तुमच्याकडे धुकं पडतच नाई.

गुणवंतराव : योगायोग आहे.

दिव्यानी : बाबा, तुम्हाला मी मनाला येईल ते सांगा म्हटलं होतं.

गुणवंतराव : मग? माझ्या मनाले दिसलीच येते. एवढ्या लांबून पोरगी आली, पाच मैल काटे पाहत पाहत आली, आणि शेवटी मी तिले तोंडावर सांगू का नाई दिसली म्हणून? आपल्या तोंडातून अशुभ निघत नाई.

दिव्यानी : त्यात अशुभ काय? वर जायचं, फिरून यायचं, पुन्हा प्रयत्न करायचा. नसेल जमत तर दुसरीकडे जाऊन उतरायचं. मला तेच शिकायचं आहे. उतरायला मला येतं.

गुणवंतराव : अवं, बुधवारी तुमचा तो परीक्षेचा रिवाज आहे, वर्षाचा. होऊन जाईन. आणि उद्या काला झाल्यावर मंडपात तुझा सत्कार आहे. मंडळानं शाल आणली. भैयाजी सरपंचाले बी बोलावलं. मी तं आठ दिवसांपासून दाखला देऊन राह्यलो का माझी लेक ढगातून हेलिकॉप्टर नेते, तिले काई दिसत नाई तरी सारं दिसते.

दिव्यानी : तो दाखला देऊ नका.

गुणवंतराव : काऊन? लोकं टाळ्या देते.

दिव्यानी : रिवाज नाही आहे बुधवारी. दुसरी वेळ आहे. पहिल्या वेळी मी नापास झाले.

सुगंधाबाई : म्हणून जेवत नाई.

दिव्यानी : बुधवारी पुन्हा झाले, तर ढगातलं उडणं बंद. ढगात उडता येत नाही त्या पायलटचं तिथं काही काम नसतं. कागदांवर सह्या करायला बसवतील.

गुणवंतराव : कोण सायब होता? मुद्दाम केलं असन. बाईमाणूस पाहून.

दिव्यानी : नाही. साहेब चांगला आहे. ओरडला पण नाही.

गुणवंतराव : मंग झालं काय?

दिव्यानी : ते खरं हेलिकॉप्टर नव्हतं. एका खोलीत नकली असतं, तसंच्या तसं. आत बसलं की हलतं, डुलतं, खिडकीत पडद्यावर ढग दिसतात. सगळं बरोबर चाललं होतं. दिशा, उंची, वेग. दोनशे फूट आले. मी मान वर केली, म्हणाले, दिवे दिसले. आणि खाली गेले. एकशे ऐंशी. एकशे साठ. एकशे चाळीस. साहेबानं यंत्र बंद केलं.

सुगंधाबाई : साठ फूट म्हणजे किती?

दिव्यानी : मारुतीजवळच्या चिंचेएवढं.

सुगंधाबाई : लय झालं.

गुणवंतराव : पण दिवे दिसले ना तुले? दिसले तं उतरायचं, तूच सांगून राह्यली. मंग नापास काऊन?

दिव्यानी : साहेबानं तेच विचारलं. कॅप्टन, काय दिसलं? मी म्हटलं, धावपट्टीचे दिवे, दोन रांगा, पांढरे. तो म्हणाला, मी आज यंत्रात दिवे टाकलेच नव्हते. धावपट्टीच टाकली नव्हती. खाली नुसतं धुकं होतं, जमिनीपर्यंत.

सुगंधाबाई : म्हणजे तू खोटं बोलली.

दिव्यानी : तेच तर, आई. मी खोटं नाही बोलले. मला दिसले. आत्ता पण डोळे मिटले तर दिसतात. दोन रांगा.

गुणवंतराव : थकली असन तू. डोळ्याले ताण पडते.

दिव्यानी : नाही. तीन आठवडे झाले, मी शोधून राह्यले का असं काऊन झालं. काल रात्री सप्त्यात तुमच्या कीर्तनाला बसले आणि मला कळलं.

गुणवंतराव : काल तं मी बरा गायलो.

दिव्यानी : काल्याच्या दिवशी, हंडी फोडायच्या आधी, तुम्ही सगळ्या लेकरांना पुढं बसवता. डोळे मिटायला लावता. पेटी हळू होते. तुम्ही म्हणता, यमुनेचा काठ आहे, कदंबाचं झाड आहे, गाई आहेत, आता मागून कोण येते ते पाहा. मग विचारता, दिसला का? जे लेकरू पहिलं "दिसला" म्हणेल, त्याच्या हातानं हंडी.

गुणवंतराव : माझ्या काल्याची ओळखच ते आहे. हेमलकशापासून लोकं पाहाले येते.

दिव्यानी : पहिल्या वर्षी मी सात वर्षांची होते. माझ्या डोळ्यांपुढं काळं होतं, अजून काही नव्हतं. बाजूला निशा बसली होती, ती म्हणेल असं वाटलं. म्हणून मी आधी म्हटलं. दिसला.

गुणवंतराव : दिव्यानी.

दिव्यानी : तुम्ही मला खांद्यावर घेतलं. सगळ्या मंडपाला सांगितलं, माझ्या लेकीला दिसला.  दुसऱ्या वर्षी पुन्हा म्हटलं. तिसऱ्या वर्षी म्हटलं तेव्हा मला खरंच थोडं थोडं दिसायला लागलं होतं. मोरपीस, पिवळं काहीतरी. पाच वर्षं हंडी मीच फोडली. कोणी प्रेमानं म्हणालं की दिसेल, दिसेल, तर मला दिसतं, बाबा. नसलं तरी दिसतं.

सुगंधाबाई : मले माहीत होतं.

गुणवंतराव : काय माहीत होतं?

सुगंधाबाई : पहिल्या सालचं. सात वर्षांच्या पोरीले काय दिसते? तिले दही पाह्यजे होतं.

गुणवंतराव : आणि तू मले वीस वर्षं नाई सांगितलं.

सुगंधाबाई : तुमचा नियम आहे ना. उत्तर देऊ नये.

दिव्यानी : बाबा. बोला काही. पाच सेकंद झाले.

गुणवंतराव : थांबून राह्यलो, बाई. यावेळी मंडळीसाठी नाई.

दिव्यानी : मी तुम्हाला दोष देत नाही.

गुणवंतराव : दे तं दे. मी एक सांगतो. हे कीर्तनात सांगितलं नाई कधी, आणि सुगंधा, तू बी कुठी सांगशीन नोको.

सुगंधाबाई : सांगा.

गुणवंतराव : मले बी नाई दिसला. एकदा बी. चाळीस वर्षं झाले, यमुनेचा काठ मीच उभा करतो, झाड मी लावतो, गाई मी आणतो. लोकं रडते. बाया हात जोडते. मी डोळे मिटून उभा राह्यतो आणि समोर काळं असते. तुले होतं तसंच.

सुगंधाबाई : पुरे कुठी मिटता? एक डोळा उघडा असते. कोण कोण उठून गेलं ते पाहत असता.

गुणवंतराव : ते अलग. मंडपाची जबाबदारी असते.

दिव्यानी : मग तुम्ही बंद काऊन नाई केलं?

गुणवंतराव : बंद काऊन करीन? नाई दिसला म्हणजे नाई आहे, असं थोडी आहे. तुझ्या धुक्यात धावपट्टी नाई दिसत म्हणून ती उठून गेली काय? दर साली काला झाला का घरी येतो, दुपट्टा खुंटीले लावतो, तुझी आई दहीभात देते. मनात म्हणतो, यंदा बी नाई, बुवा. ठीक आहे. पुढच्या साली पुन्हा उभा राह्यतो, नमनापासून. त्याचं मले कधी वाईट नाई वाटलं. पण तुह्यावाल्या "दिसला"नं मले वाटलं होतं का चला, आपल्याले नाई तं नाई, पोरीले तं दिसला. घरात आला एकदाचा. वीस वर्षं त्याच्यावर काढली मी.

दिव्यानी : म्हणूनच नाही सांगता आलं.

गुणवंतराव : हो.

सुगंधाबाई : दोघंबी एकमेकाले वीस वर्षं दिसला दिसला करून राह्यले. आणि डाळ मी निवडून राह्यली.

दिव्यानी : उद्या लेकरांना विचाराल?

गुणवंतराव : विचारीन तं. हंडी आहे, लोकं येऊन राह्यले, पेटीवाला ठरला. पण अलग विचारीन. म्हणीन, ज्याले दिसला त्यानं हात वर करा, ज्याले नाई दिसला त्यानं बी करा. मंग साऱ्यायच्या हातानं फोडू.

सुगंधाबाई : हंडी एक आहे. लेकरं तीस-चाळीस आहे.

गुणवंतराव : मोठी काठी धरतीन सारे मिळून. ते पाहू उद्या. सत्काराचं काय करू? भैयाजीले नाई म्हणून सांगू?

दिव्यानी : सांगा की बुधवारी परीक्षा आहे. पास झाली तर पुढच्या वर्षी द्या शाल. तेवढं खरं आहे.

गुणवंतराव : सांगतो. तोंडावर नाई म्हणायची मले सवय नाई, पण सांगतो.

दिव्यानी : सवय करायचीच आहे. या. कागद घ्या. पाच मैलापासून.

गुणवंतराव : आता?

दिव्यानी : आता. आणि यावेळी तुमच्या डोळ्यांनी खरंच पाहा. समोर काय आहे?

गुणवंतराव : समोर अंगण आहे. तुळस आहे. बुधूच्या घराचं कौल आहे.

दिव्यानी : धावपट्टी आहे?

गुणवंतराव : आपल्या गावात डांबरी रस्ता नाई, धावपट्टी कुठून येईन.

दिव्यानी : मग आहे ते सांगा. दुपट्टा ओढा माझ्या डोळ्यांवरून खाली. अजून. हां. फक्त सूप दिसतंय.

गुणवंतराव : सुरू करतो. नमन मनात केलं. पाच मैल. उंची पंधराशे. दिशा दोन सत्तर. यापुढे मी जे सांगीन त्याला उत्तर देऊ नये. थोडी डावीकडे गेली. उजवीकडे दोन अंश. आली. रेघेवर आहे. चार मैल. उंची बाराशे, बरोबर. डावीकडे झुकली असं वाटत असन तुले, आंगाचं ऐकू नोको, सुपाकडे पाह्य. हे कागदावर नाई आहे, पण बरोबर आहे. तीन मैल. उंची नऊशे. बरोबर. उतरती बरोबर. दिशा बरोबर. दोन मैल. उंची सहाशे. किंचित वर. उतरणं वाढव. थोडं. आली. दिशा बरोबर. दीड मैल. साडेचारशे. बरोबर रेघेवर. एक मैल. तीनशे. बरोबर. बरोबर येऊन राह्यली. अडीचशे. दिशा बरोबर. दोनशे. निर्णयाची उंची.

सुगंधाबाई : बोला.

गुणवंतराव : नाई दिसत.

दिव्यानी : वर.

गुणवंतराव : नाई दिसत, माय. काईच नाई दिसत.

दिव्यानी : एकदा सांगितलं तरी पुरे. मी गेले वर. पंप ओढला, नाक बरोबर, वेग बरोबर. तीनशे. पाचशे. दिशा तीच. सातशे. चढून राह्यले.

गुणवंतराव : ठीक आहे ना तिथी?

दिव्यानी : ठीक आहे. काटे सगळे दिसून राह्यले.

गुणवंतराव : तोंडावर नाई म्हटलं मी. लिहून ठेव कागदावर.

दिव्यानी : लिहीन. आधी वर चढू द्या.

सुगंधाबाई : आता काय होते पुढं?

दिव्यानी : आता वरून फिरून यायचं, आई. पुन्हा पाच मैलापासून.

सुगंधाबाई : मग राहू द्या सूप. डाळ उद्या पहाटे पाखडीन.